अंगणातील रांगोळी ते संगणकाची आज्ञावली

(जिल्हा पातळीवरील शिक्षक-प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी शिक्षक, केंद्रप्रमुख, शिक्षण विभागाचे अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे एका निवृत्त विज्ञान शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण मला ‘मुलांना विज्ञान आणि कोडिंग कसे शिकवावे’ या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. विषय नवा आहे, पण त्यामागचा प्रश्न जुना आहे. शाळेत शिकविले जाणारे ज्ञान मुलाच्या घरातून, अंगणातून आणि शेतातून निघावे, की ते बाहेरून आणून त्याच्या माथी मारावे, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मी माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे कबूल करतो.

सन २००३ च्या सुमारास मी ज्या शाळेत होतो तेथे दोन संगणक आले. आम्ही त्यांना हार घातला, नारळ फोडला आणि खोलीला कुलूप लावले. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर ‘आदान, प्रक्रिया, प्रदान’ असे शब्द लिहून त्यांच्या व्याख्या मुलांकडून घोकून घेत होतो. मागच्या बाकावरील एक मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर ठिपके काढून रांगोळी रेखाटीत होती. मी तिची वही उचलली, वर्गाला दाखविली आणि म्हणालो, “हे घरी करायचे काम आहे. येथे विज्ञान चालू आहे.” वर्ग हसला. त्या मुलीने वही मिटली आणि उरलेल्या वर्षात माझ्या तासाला तिने एकही प्रश्न विचारला नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी, संगणकाची आज्ञावली कशी रचतात हे मी स्वतः शिकू लागलो, तेव्हा त्या पानाचा अर्थ मला उमगला. तिने ‘अकरा ते सहा’ ठिपक्यांची रांगोळी घातली होती. मधल्या ओळीत अकरा ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करीत सहापर्यंत, असे एकूण ९१ ठिपके तिने न चुकता मांडले होते. एक पाकळी निश्चित करून तीच सहा वेळा फिरविली होती. क्रम, पुनरावृत्ती आणि समतोल या तिन्ही गोष्टी तिच्या हाताला अवगत होत्या. मी फळ्यावर ज्याची व्याख्या लिहीत होतो ते ती प्रत्यक्ष करीत होती, आणि त्या वर्गात अडाणी कोणी असेल तर तो मीच होतो.

आज्ञावली म्हणजे काय?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, कोडिंगचा अंतर्भाव असलेले उपक्रम घ्यावेत असे म्हटले आहे. हे वाचून अनेक शिक्षकांच्या मनात धास्ती निर्माण झाली. ‘आमच्याकडे संगणक नाहीत, असले तर वीज नाही, वीज असली तर शिकविणारा नाही,’ अशी तक्रार मी ठिकठिकाणी ऐकतो. ती खोटी नाही. परंतु कोडिंग म्हणजे यंत्राची कळ दाबणे ही समजूत मात्र खोटी आहे. एखादे काम दुसऱ्याला, विशेषतः स्वतःची अक्कल मुळीच न वापरणाऱ्या दुसऱ्याला, अचूक करता येईल अशा सूचनांत मांडणे, याला आज्ञावली रचणे म्हणतात.

या कामाची चार अंगे आहेत. सूचना योग्य क्रमाने देणे, हे पहिले. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करावयाची असेल तर ती एकदाच सांगून ‘इतक्या वेळा करा’ असे म्हणणे, हे दुसरे. ‘अमुक घडले तर हे करा, नाहीतर ते करा’ अशी अट घालणे, हे तिसरे. आणि केलेले तपासून चूक नेमकी कोठे झाली ते शोधणे व दुरुस्त करणे, हे चौथे. विज्ञानाची पद्धतीही याहून फार निराळी नाही. तेथेही आपण अंदाज बांधतो, करून पाहतो, नोंद ठेवतो आणि चुकलेला अंदाज सुधारतो. या चारही अंगांचा सराव आपल्या मुलांना घरी, अंगणात आणि खेळाच्या मैदानावर होत असतो. त्याला नाव देणे आणि त्याच्यापुढे मुलाला नेणे, एवढे शाळेचे काम उरते.

हा विचार आपल्याकडे नवखा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या त्या वेळच्या हद्दीतील बोर्डी व कोसबाड येथे बालवाड्या चालविल्या, तेव्हा परदेशी बनावटीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने आणि माती ही साधने वापरली. मुले गुरे राखायला जात म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यातील मुलांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर स्वतः प्रयोग केले. तो कार्यक्रम २००२ साली बंद झाला, पण त्याची शिकवण टिकून आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राची स्थापना १९७४ ची. त्यानेही आपल्या आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम केले. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला, तोही हाताने काम करीत शिकण्याच्या तत्त्वावर. आपण याच वाटेने एक पाऊल पुढे टाकावयाचे आहे.

ठिपक्यांची रांगोळी

प्रथम रांगोळीचाच उपक्रम सांगतो. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवावे. दोघांच्याही कागदावर चार ओळींत चार-चार असे १६ ठिपके असावेत. एकाने आपल्या कागदावर आकृती काढावी आणि दुसऱ्याला केवळ शब्दांनी सांगावी. हातवारे नाहीत, मागे वळून पाहणे नाही. शब्दही तीनच वापरायचे: ‘पुढे’, ‘उजवीकडे वळ’ आणि ‘पुन्हा कर’.

बाहेरचा चौकोन काढावयाचा असता बहुतेक मुले सांगतात, “चार पुढे, उजवीकडे वळ, असे चार वेळा कर.” ऐकणारा चौथे पाऊल टाकतो आणि ठिपक्यांच्या बाहेर जातो. येथे शिक्षकाने उत्तर सांगू नये, थांबावे. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतेच की, ठिपके चार असले तरी त्यांच्यामधली अंतरे तीनच आहेत. शेताच्या बांधावर दहा खांब रोवले तर त्यांच्यामध्ये गाळे नऊच पडतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. खांब मोजायचे की गाळे, या घोटाळ्यातून होणारी चूक मोठमोठे आज्ञावलीकारही नित्य करतात. आपल्या मुलाने ती सहावीत केली आणि सहावीतच सुधारली, तर त्याने मोठीच मजल मारली म्हणायची.

यापुढची पायरी मैदानावर घ्यावी. एका मुलाने ‘कासव’ व्हावे आणि बाकीच्यांनी त्याला चालवून षट्कोन काढावा. षट्कोनाचा आतला कोन १२० अंशांचा असतो हे मुलांनी पाठ केलेले असते. म्हणून ती सांगतात, “पाच पावले चाल, १२० अंशांत वळ, असे सहा वेळा.” कासव चालू लागते आणि पाहतात तो त्रिकोण तयार! तोही दोनदा गिरवलेला. वर्गात हशा पिकतो. चालणारा आतल्या कोनाइतका वळत नसून बाहेरच्या कोनाइतका वळतो, पूर्ण फेरी मारून मूळ दिशेला येण्यासाठी त्याला एकूण ३६० अंश वळावे लागते आणि म्हणून सहा वळणांपैकी प्रत्येक वळण ६० अंशांचे हवे, हा सिद्धांत मुले स्वतःच्या पायांनी शोधून काढतात.

कासवाची ही कल्पना अमेरिकेत १९६७ साली तयार झालेल्या ‘लोगो’ या मुलांसाठीच्या संगणक-भाषेतून प्रसिद्धीस आली. सीमोर पॅपर्ट हे तिच्या जनकांपैकी एक. रांगोळीचा आणि संगणकशास्त्राचा संबंध तर आपल्याच देशात जोडला गेला. तमिळनाडूतील स्त्रिया दारापुढे जे कोलम काढतात, त्याच्या रचनेचे नियम गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी चित्रांच्या व्याकरणाच्या रूपात मांडले व १९७४ साली प्रसिद्ध केले. दारापुढची रेघ संशोधनाचा विषय होऊ शकते, ती वर्गातील पाठाचा विषय होण्यास काय हरकत आहे?

लेझीम आणि ‘जर-तर’

आता अटींकडे वळू. लेझीम आपल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘चार आवाज’ ही क्रिया मुलांना येते. तीच कागदावर लिहून काढण्यास सांगावे. कोणत्या अंकाला हात कोठे, पाय कोठे, हे मुले लिहू लागली की, अंगात मुरलेली गोष्ट शब्दांत मांडणे किती अवघड असते ते त्यांच्या ध्यानात येते. मग नियम वाढवावे. ‘हलगी वाजत असेल तोपर्यंत हीच क्रिया करीत राहा.’ ‘शिट्टी एकदा वाजली तर उजवीकडे तोंड करा, दोनदा वाजली तर एक पाऊल मागे या, नाहीतर आहात तेथेच राहा.’ एका गटाने लिहिलेली लेझीम दुसऱ्या गटाने लिहिल्याबरहुकूम खेळून दाखवावी. जेथे पथक गोंधळेल तेथे चूक खेळणाऱ्याची की लिहिणाऱ्याची, याचा निवाडा कागद हातात घेऊन करावा.

पॅपर्ट यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ब्राझीलमधील सांबा नृत्यशाळांचे उदाहरण दिले आहे. तेथे लहान-थोर, नवशिके आणि जाणते एकत्र येऊन एकमेकांपासून शिकतात. आपल्या लेझीम-पथकात याहून वेगळे काय घडते? तेथे चुकणाऱ्या मुलाला कोणी नापास करीत नाही. शेजारचा त्याच्या हाताला धरून ठेका दाखवितो. रांगोळीत चुकलेली रेघ पुसता येते; वहीत चुकलेल्या उत्तरावर मात्र लाल रेघ पडते. चुकीकडे पाहण्याची ही अंगणातली दृष्टी वर्गात आली, तर विज्ञानाची निम्मी भीती नाहीशी होईल.

गण, मात्रा आणि द्विमान संख्या

तिसरा उपक्रम मराठीच्या व्याकरणातला आहे. वृत्ते शिकविताना आपण मुलांकडून ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र पाठ करून घेतो. गण आठच का, नऊ का नाहीत, हे मात्र क्वचितच विचारतो. प्रत्येक गणात अक्षरे तीन आणि प्रत्येक जागी पर्याय दोन, लघू किंवा गुरू. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणून आठ. लघूसाठी शून्य आणि गुरूसाठी एक लिहिले, की ‘न’ गण ०००, ‘स’ गण ००१, ‘य’ गण ०११ आणि ‘म’ गण १११ होतो. संगणक आपली सारी माहिती अशाच दोन चिन्हांत साठवितो. मुलांना विचारावे, अक्षरे चार झाली तर गण किती होतील? सोळा, हे ती मांडणी करून शोधतील. या सूत्रात आणखी एक गंमत दडलेली आहे. त्यातील दहा अक्षरांपैकी लागोपाठची कोणतीही तीन घ्या, दर वेळी निराळा गण मिळतो. आठही गण एकेकदाच येतात, एकही सुटत नाही. ही गोष्ट मुलांना स्वतः पडताळून पाहू द्यावी.

याला जोडून टाळ्यांचा खेळ घ्यावा. आखूड टाळी एका मात्रेची, लांब टाळी दोन मात्रांची. चार मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? मुले टाळ्या वाजवून पाच प्रकार काढतात. तीन मात्रांचे तीन, चार मात्रांचे पाच, पाच मात्रांचे आठ. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज आहे. असे का? शेवटची टाळी आखूड असेल तर आधी एक मात्रा कमी असलेले सर्व प्रकार येतात, लांब असेल तर दोन मात्रा कमी असलेले. ही संख्यामाला छंदःशास्त्राचा विचार करताना विरहांक आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्र यांनी दिली. इटलीतील फिबोनाची याने आपला ग्रंथ १२०२ साली लिहिला आणि जगात ही माला त्याच्या नावाने ओळखली जाते.

घटिकापात्र आणि पर्जन्यमापक

आता थोडे विज्ञानाच्या प्रयोगांविषयी. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घंगाळात घटिकापात्र सोडीत. बुडाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगते, हळूहळू भरते आणि एका घटिकेने, म्हणजे २४ मिनिटांनी, बुडते. अशा ६० घटिका मिळून एक अहोरात्र होते. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार आपण वापरतो, पण ती भरते कशी हे आजच्या मुलाने पाहिलेले नसते.

शिक्षकाने पातळ पत्र्याच्या वाटीला खिळ्याने छिद्र पाडून द्यावे. मुलांनी वाटी बुडण्यास लागणारा वेळ पाच वेळा मोजावा. पाचही वेळा तो सारखा येणार नाही. का येत नाही? वाटी सोडताना धक्का बसला काय? पाण्यात कचरा होता काय? यातून मोजमापातील अनिश्चितता आणि सरासरी यांचा अर्थ कळतो. नंतर छिद्राचा व्यास दुप्पट करावा आणि आधी अंदाज लिहून घ्यावा. बहुतेक मुले ‘वेळ निम्मा’ असे लिहितात. प्रत्यक्षात तो सुमारे चौथाई भरतो, कारण व्यास दुप्पट झाला की छिद्राचे क्षेत्रफळ चौपट होते. अखेरीस प्लास्टिकची वाटी घेऊन पाहावे. ती पाण्याने भरली तरी पुष्कळदा बुडतच नाही. हा प्रयोग फसला असे समजू नका. घनतेचा धडा येथूनच सुरू होतो.

दुसरा प्रयोग गावाच्या कामाचा आहे. सपाट बुडाच्या आणि सरळ बाजूंच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून ते उघड्या जागी ठेवावे आणि रोज ठरावीक वेळी मुलांनी पाऊस मोजावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी जमते. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटरचे असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर अडीच हजार लिटर पाणी छपरावरून वाहून जाते. हा हिशेब मुलांनी ग्रामसभेत मांडला, तर छपराला पन्हळ आणि टाकी बसविण्याचा विषय निराळ्या गांभीर्याने निघेल.

याच नोंदींवरून आज्ञावलीही लिहिता येते. पाऊस २.५ मिलिमीटर किंवा अधिक असेल तर ‘पावसाळी दिवस’ लिहा, नाहीतर लिहू नका. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक झाला तर ‘अतिवृष्टी’ लिहा. हा दुसरा आकडा येथे बसलेल्या सरपंचांना मी सांगायला नको. पिकाच्या नुकसानीचे पंचनामे करताना त्याचा प्रश्न दर वेळी निघतो. जो आकडा वडील तलाठ्याच्या कचेरीत ऐकतात, तोच मुलगा शाळेत अट म्हणून लिहितो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पिकांचे नियोजन केले. असा ताळेबंद समजणारी पिढी आपल्याला घडवावयाची आहे.

तीन सावधगिरीच्या सूचना

या पद्धतीचा पुरस्कार करताना तीन धोक्यांची जाणीव देणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिला धोका पोकळ अभिमानाचा. प्राचीन छंदःशास्त्रकारांनी दोन चिन्हांच्या मांडणीचा सखोल विचार केला, हे खरे आहे. त्यावरून ‘आमच्याकडे त्या काळीच संगणक होता’ असे मुलांना सांगणे खोटे आहे. खरे सांगितल्याने अभिमान कमी होत नाही. सोलापूरची चादर ज्या जॅकार्ड मागावर विणली जाते, तो फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास सिद्ध झाला. छिद्र असले तर एक, नसले तर दुसरे, अशा पत्त्यांवर तो नक्षी विणतो. तशाच पत्त्यांची योजना पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्रासाठी केली आणि त्या यंत्रावर एडा लव्हलेस यांनी १८४३ साली टिपणे प्रसिद्ध केली. सोलापूरच्या विणकराच्या मुलाला हा इतिहास सांगितला, तर आपल्या घरातील माग जगाच्या ज्ञानाशी कसा जोडलेला आहे, हे त्याला कळेल. विज्ञान कोणा एका देशाच्या मालकीचे नाही, हेही कळेल.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ‘आपली संस्कृती’ म्हणताना वर्गातील कोणाची संस्कृती आपण धरतो? एकाच वर्गात वारली चित्रे काढणाऱ्या घरातील मूल असते, आरसे जडवून भरतकाम करणाऱ्या बंजारा आईचे मूल असते, मेंदीची नक्षी जाणणारी मुलगी असते आणि ऊसतोडीसाठी सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबातील मुलगाही असतो. प्रत्येकाच्या घरी मोजण्याच्या, रचण्याच्या आणि तपासण्याच्या रीती आहेत. शिक्षकाने त्या विचारून घ्याव्यात, गृहीत धरू नयेत. तसेच रांगोळी मुलींनी आणि लेझीम मुलांनी, अशी वाटणी मुळीच करू नये. कुंभाराच्या मुलाला ‘तू चाकाचा प्रयोग कर, ते तुझे काम’ असे म्हणणे म्हणजे विज्ञानाच्या नावाखाली त्याला पुन्हा जातीच्या चाकोरीत ढकलणे होय. चाकाचा प्रयोग साऱ्या वर्गाने करावा, आणि कुंभाराच्या मुलाने हवे तर ताऱ्यांचा अभ्यास करावा. संस्कृती हे घरातून बाहेर पडण्याचे दार आहे. ते कोणाला आत कोंडण्यासाठी लावून घेऊ नये.

तिसरा धोका देखाव्याचा. साहेब पाहणीला येणार म्हणून रांगोळ्या काढल्या, लेझीम खेळली, छायाचित्रे काढून अहवाल पाठविला, तर ते स्नेहसंमेलन झाले, शिक्षण झाले नाही. उपक्रमात मुलाने अंदाज लिहिला काय, करून पाहिले काय, चूक शोधली काय, आणि आपले म्हणणे दुसऱ्याला समजेल असे मांडले काय, या चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील तरच तो उपक्रम विज्ञानाचा. अधिकारी बंधूंना माझी विनंती आहे की, पाहणीच्या वेळी त्यांनी सुंदर रांगोळी पाहण्यापेक्षा खोडून पुन्हा काढलेली रांगोळी पाहण्यास मागावी.

यंत्रापर्यंत जाणे आवश्यकच

माझ्या बोलण्याचा अर्थ संगणक नको असा कोणी घेऊ नये. शहरातील मुलाला यंत्र आणि खेड्यातील मुलाला केवळ रांगोळी, अशी वाटणी झाली तर तो अन्यायच होईल. कागदावर आणि मैदानावर तयार झालेली समज यंत्रावर पडताळून पाहिलीच पाहिजे. ‘लोगो’ आणि २००७ साली अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने सर्वांना खुले केलेले ‘स्क्रॅच’ यांत ‘पुढे जा’, ‘वळा’, ‘इतक्या वेळा करा’ आणि ‘जर-तर’ याच आज्ञा असतात. ज्या मुलाने कासव होऊन षट्कोन चालला आहे, त्याला पडद्यावरची आज्ञा परकी वाटत नाही.

शाळेत एकच संगणक असला तरी चालते. चौघांच्या गटाने आज्ञावली आधी कागदावर लिहावी, एकमेकांची तपासावी आणि मग दहा मिनिटे यंत्रावर चालवून पाहावी. एक गट यंत्रावर असताना दुसरा आपली चूक शोधीत असतो. यंत्रापुढे बसलेल्या वेळापेक्षा यंत्रापुढे बसण्याआधी केलेला विचार अधिक मोलाचा असतो.

आपण काय करू शकतो?

शेवटी काही व्यवहार्य गोष्टी सुचवितो. शिक्षकांनी या वर्षी एकच उपक्रम निवडावा, तो आधी स्वतःच्या हाताने करून पाहावा आणि मग वर्गात न्यावा. केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत निदान एक तास शिक्षकांच्या फसलेल्या उपक्रमांच्या चर्चेसाठी ठेवावा, कारण त्यातून अधिक शिकता येते. अधिकाऱ्यांनी मूल्यमापनात व्याख्येपेक्षा कारण विचारणाऱ्या प्रश्नांना स्थान द्यावे. जोपर्यंत परीक्षेत ‘व्याख्या लिहा’ येते, तोपर्यंत वर्गात घोकंपट्टीच होणार.

ग्रामपंचायत सदस्यांना माझे तीन शब्द. शाळेच्या संगणक-खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि ती खोली आठवड्यातून किती तास उघडते, याची एकदा चौकशी करा. पंचायतीच्या फलकावर मुलांनी मोजलेल्या पावसाचा आकडा रोज लिहिण्यासाठी एक कोपरा द्या. आणि गावातील सुतार, विणकर, गवंडी, रांगोळी काढणाऱ्या आजीबाई, यांना वर्षातून एकदा तरी शाळेत सन्मानाने बोलवा. त्यांनी काम दाखवावे, मुलांनी प्रश्न विचारावेत आणि शिक्षकांनी त्यातील गणित व विज्ञान उलगडावे. यांपैकी कशालाही मोठ्या अनुदानाची गरज नाही.

ज्या मुलीची वही मी वर्गाला दाखविली, ती आज कोठे आहे, काय करते, हे मला माहीत नाही. तिची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. परंतु आपल्या प्रत्येकाच्या वर्गात मागच्या बाकावर ती बसलेली आहे. उद्या सकाळी शाळेत गेल्यावर तिची वही अवश्य उचला, शेवटचे पान उघडा आणि तिला विचारा, “हे तू कसे काढलेस, आम्हा सर्वांना सांगशील का?” ती सांगू लागली, की विज्ञानाचा तास सुरू झाला असे समजावे.